कुत्रा बूड घासतोय, दर महिन्याला ग्लँड भरतेय: बिघाड नेमका कुठे आहे?

घरात सुकट नाही, बोंबील नाही, तरी सोफ्यावरून मासळीचा कुबट वास येतो. उशीचा अभ्रा धुवून झाला तरी वास तिथेच. मग लक्षात येतं की कुत्रा बसल्या बसल्या दचकून उठतोय, वळून शेपटीखाली बघतोय आणि फरशीवर बूड टेकवून पुढच्या दोन पायांनी स्वतःला ओढत नेतोय. शिह त्झू, पॉमेरियन, पग, लासा, टॉय पूडल, चिवावा पाळणाऱ्या घरांना हे नवीन नाही. ग्रूमरकडे नेलं, ग्लँड, म्हणजे गुदाशेजारची वासाच्या स्रावाची पिशवी, रिकामी करून आणली, आठ दिवस बरे गेले. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

असं चक्र सुरू झालं असेल तर बहुतेक वेळा मूळ बिघाड ग्लँडच्या बाहेर असतो. शी मऊ होत असते, त्वचेला ॲलर्जी असते किंवा वजन वाढलेलं असतं. भुर्दंड ग्लँड भरते. दर महिन्याला दाबून घेणं म्हणजे गच्चीवरची टाकी गळत असताना खालची बादली तेवढी ओतून येणं.

आजच डॉक्टरांकडे कधी

पुढचं वाचण्याआधी शेपूट वर करून चांगल्या उजेडात एकदा बघा. गुदाच्या खालच्या बाजूला डावीकडे किंवा उजवीकडे लाल-जांभळी सूज आहे, हात जवळ नेला तरी कुत्रा गुरगुरतो किंवा ओरडतो, रक्त किंवा पू दिसतोय, छोटं भोक पडलंय, तो जेवत नाही, शी करताना कण्हतो, यातलं काहीही असेल तर घरी काही दाबायचं नाही, त्याच दिवशी पशुवैद्य गाठायचा. ताप बघायला घरी थर्मामीटरही घालू नका. गळू तिथेच असतं, नुसत्या स्पर्शानेही कळ मस्तकात जाते.

आणि माणसाची वेदनाशामक गोळी द्यायची नाही. ब्रूफेन, कॉम्बिफ्लाम, व्होव्हेरान यांनी छोट्या कुत्र्याच्या पोटात अल्सर होऊन रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होतात. चार-पाच किलोच्या जिवाला ‘अर्धीच दिली’ हीसुद्धा मोठी मात्रा असते. डॉक्टरांना न विचारता क्रोसिनही नको.

ग्लँड कुठे असते आणि आपोआप रिकामी का होते

गुदद्वार म्हणजे घड्याळाची तबकडी धरली तर चार आणि आठच्या आकड्यांवर, कातडीच्या आत, एकेक छोटी पिशवी असते. छोट्या कुत्र्यात ती साधारण वाटाण्याएवढी. दोन स्नायूंच्या कड्यांच्या मध्ये ती बसलेली असते आणि एका बारीक नळीने गुदाच्या काठावर उघडते. आतल्या अस्तरातून वासाचा स्राव पाझरत राहतो. कुत्री एकमेकांची ओळख शेपटीखाली हुंगून पटवतात, त्याचं मोठं कारण हा वास.

शी घट्ट आणि पुरेशी जाड असेल तर बाहेर पडताना ती पिशव्यांवर आतून दाब देते, त्याच वेळी बाहेरचे स्नायू आवळतात आणि थोडा स्राव शीबरोबर निघून जातो. मऊ शीला हा दाब देता येत नाही. स्राव आतच राहतो, त्यातलं पाणी कमी होतं, तो पेस्टसारखा दाटतो आणि नळीत अडकतो. ही पहिली पायरी. इथे लक्ष दिलं नाही तर जंतू वाढून पिशवी सुजते, पुढे पू साठून गळू होतं आणि शेवटी ते कातडी फोडून बाहेर येतं. छोट्या जातींना हा त्रास जास्त होतो. त्यात घरोघरी त्यांचं वजन पटकन वाढतं आणि हातावरचा खाऊही त्यांनाच जास्त मिळतो.

आधी खात्री करा: ग्लँडच आहे का?

बूड घासणारा प्रत्येक कुत्रा ग्लँडचा पेशंट नसतो. चार गोष्टी घरच्या घरी तपासता येतात.

पहिली, केस. शिह त्झू आणि पॉमेरियनच्या शेपटीखाली शी चिकटून वाळते, त्याची जट होते आणि ती कातडी ओढत राहते. कधी या जटेनेच गुदद्वार बुजतं आणि कुत्रा कुंथत बसतो. कोमट पाण्याने भिजवून, बोथट टोकाच्या कात्रीने किंवा ट्रिमरने केस कमी केले की खेळ खलास. कात्री कातडीला समांतर धरायची. जट ओढून कापायला गेलं की तिच्यासोबत वर आलेली कातडीही कापली जाते.

दुसरी, ग्रूमिंग. मशीन फार जवळून फिरवलं की दोन-तीन दिवस जळजळ होते आणि कुत्रा घासतो. आदल्या दिवशीच ग्रूमिंग झालं असेल तर ग्लँडवर संशय घेण्याआधी कातडी लाल आहे का ते बघा.

तिसरी, पट्टकृमी. गुदाभोवतीच्या केसांत किंवा झोपायच्या गादीवर तांदळाच्या कणीसारखे, कधी हलणारे पांढरे तुकडे दिसतात. वाळले की ते तिळासारखे होतात. हा जंत पिसवांमार्फत येतो, म्हणजे कुत्रा अंग चावताना पिसू गिळतो आणि जंत पोटात जातो. नेहमीचं पिल्लांचं जंताचं औषध यावर चालेलच असं नाही, त्यात प्राझिक्वांटेल असावं लागतं. आणि पिसवा मारल्या नाहीत तर महिन्या-दोन महिन्यांनी तेच तुकडे पुन्हा दिसतील.

चौथी, अंगाची खाज. पंजे चाटणं, कानात वारंवार घाण आणि वास, काखेत व पोटावर लाली असेल तर बुडाची खाज हा त्याच ॲलर्जीचा भाग असू शकतो. याकडे पुढे येऊ.

चारही नाहीत आणि मासळीचा वास येतो, वारंवार तिथे चाटणं चालू आहे, बसताना एका कुशीवर बसतो, तर ग्लँड.

कॅलेंडरवर खूण करा

एखादा त्रास वारंवार होत असेल तर तो कधी होतो हे लिहून ठेवल्याशिवाय कारण सापडत नाही. फ्रिजवरच्या कालनिर्णयवर एवढंच लिहा: ग्लँड रिकामी केल्याची तारीख, कुठली बाजू भरली होती, निघालेला माल पातळ होता की पेस्ट, रंग कसा, आणि आधीच्या आठवड्यात शी कशी होती. तीन-चार नोंदी झाल्या की कारण दिसायला लागतं.

प्रत्येक वेळी जुलाब झाल्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी भरत असेल तर पोट आणि खाणं तपासा. जून ते सप्टेंबरमध्येच भरत असेल तर ओल्या हवेत वाढणारी त्वचेची खाज, पिसवा आणि बुडालेलं फिरणं, तिन्ही संशयित. पावसात ओल्या गवतावर पाय ठेवायला नकार देणारे शिह त्झू आणि पग ठाण्यात कमी नाहीत. ते दीड-दीड दिवस शी धरून ठेवतात आणि मग दिवसभरात चार वेळा थोडी थोडी करतात. रिकामी केल्यावर दोन-तीन आठवड्यांच्या आत पुन्हा भरत असेल तर ॲलर्जी किंवा आतला जंतुसंसर्ग पूर्ण गेलेला नसणं, याचा विचार करावा लागतो.

आणि नेहमी एकच बाजू भरत असेल तर ती नोंद डॉक्टरांना मुद्दाम दाखवा. खाण्यामुळे किंवा ॲलर्जीमुळे होणारा त्रास सहसा दोन्ही बाजूंना होतो. एकाच बाजूला असेल तर त्या बाजूची नळी अरुंद झालेली असते, जुन्या गळवाचा व्रण असतो किंवा, वय झालेल्या कुत्र्यात, गाठ असते.

शी कशी हवी

पशुवैद्य शीला १ ते ७ गुण देतात. १ म्हणजे कोरड्या कडक लेंड्या, ७ म्हणजे पाणी. आपल्याला २ हवा, फार तर ३. घट्ट, पण दाबली तर थोडी दबणारी, लांबट, त्यावर खाचा. घरची परीक्षा सोपी आहे. पेव्हर ब्लॉकवरून कागदाने उचलल्यावर खाली डाग राहिला नाही तर उत्तम. ओलसर डाग राहिला तर काठावर पास. उचलताना आकार मोडून फरशीवर लिंपली गेली तर ग्लँड रिकामी होणार नाही.

मऊ शीचं आपल्याकडचं पहिलं कारण म्हणजे दूध-पोळी. मोठ्या झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर नीट पचत नाही. जुलाब होतातच असं नाही, शी फक्त कायम ढिली राहते आणि घरच्यांना तीच नेहमीची वाटायला लागते. दूध पूर्ण बंद करून १४ दिवस बघा. दुसरं कारण बिस्किटं. आजोबांच्या चहाबरोबर दोन, कामवाल्या मावशींकडून एक, वॉचमनकाकांकडून एक. कोणाचंच चुकत नाही, पण बेरीज चुकते.

तिसरं कारण, ‘पचायला हलकं’ म्हणून महिनोन्‌महिने नुसता उकडलेला चिकन-भात. पोट बिघडल्यावर तीन-चार दिवसांसाठी तो ठीक. पण त्यात तंतू जवळजवळ नसतात, कॅल्शियमचा तर पत्ताच नसतो. शी कमी आणि गुळगुळीत होते, ग्लँडवर दाब पडत नाही. घरचंच द्यायचं असेल तर पशुवैद्याकडून मात्रा ठरवून घ्या, नाहीतर संपूर्ण आहार म्हणून बनवलेलं तयार खाणं द्या. शी घट्ट व्हावी म्हणून चिकनची हाडं देण्याचा सल्ला सोसायटीत हमखास मिळतो. त्याने शी खडूसारखी पांढरी, कोरडी होते, बद्धकोष्ठ होतं आणि शिजलेल्या हाडाची कपची आतड्याला टोचली की प्रकरण ग्लँडच्या फार पुढे जातं.

खाणं बदलताना ७ ते १० दिवस घ्या. पहिले दोन-तीन दिवस पाव भाग नवं, मग अर्धं, मग पाऊण. एका रात्रीत ब्रँड बदलला की जुलाब लागतात आणि ग्लँड पुन्हा भरते. मग दोष नव्या खाण्यावर जातो.

तंतू: भोपळा किंवा इसबगोल, पण एका वेळी एकच

दोन्ही एकदम सुरू केलं तर कशाने फरक पडला ते कळत नाही. एक निवडा, दोन आठवडे द्या, नोंद बघा.

लाल भोपळा ठाण्याच्या जांभळी नाक्यावर फोडी करून मिळतो. साल-बिया काढून नुसता वाफवा आणि कुस्करा. मीठ नाही, गूळ नाही, फोडणी नाही. घरच्या भाजीतला भोपळा चालत नाही, कारण कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. ५ किलोच्या कुत्र्याला दिवसाला एक मोठा चमचा, दोन जेवणांत विभागून. सुरुवात त्याच्या निम्म्याने. उरलेला बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवला की रोजचा एक ठोकळा काढता येतो.

इसबगोल म्हणजे नुसता साधा भुसा. संत्र्याच्या चवीचं, शुगर-फ्री पाकीट नको. गोडीसाठी झायलिटॉल घातलेलं असेल तर ते कुत्र्याला विषारी आहे. ५ किलोच्या आसपासच्या कुत्र्याला एका जेवणात चहाचा पाव चमचा. तो तीन-चार मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवायचा, बुळबुळीत जेली झाली की खाण्यात कालवायचा. कोरडा कधीच टाकू नका, तो पोटात पाणी ओढून घेतो आणि उलट बद्धकोष्ठ करतो. चार-पाच दिवसांत शीत फरक नसेल तर अर्ध्या चमच्यापर्यंत जा, त्यापुढे नको. दुसरं औषध चालू असेल तर त्यात आणि इसबगोलात दोन तासांचं अंतर ठेवा.

इथे होणारी चूक म्हणजे ‘थोड्याने फरक पडला, जास्तीने जास्त पडेल’. तंतू जास्त झाले की शी मोठी पण फुगीर, मऊ होते, वायू होतो, आणि आपण सुरुवातीच्या जागी परत येतो. असं दिसलं तर मात्रा निम्मी करा.

पाणी हा याचाच अर्धा भाग. खाण्यातलं धरून किलोमागे दिवसाला ५० ते ६० मिली, म्हणजे ५ किलोच्या कुत्र्याला पाव लिटर ते ३०० मिली. तयार कोरडे दाणे देत असाल तर त्यात कोमट पाणी घाला.

फिरायला नेण्याची वेळ जेवणानंतर २० ते ३० मिनिटांनी ठेवा. पोट भरलं की आतडं हलतं, शी एकदम आणि पूर्ण होते. पावसाळ्यात सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगची कोरडी कड वापरा, रेनकोट घाला, पिशवी सोबत ठेवा. घोडबंदर रोडच्या पंधराव्या मजल्यावरून लिफ्टने खाली यायला कंटाळा येतो म्हणून रोज बाल्कनीत पॅडवर काम भागवणाऱ्यांच्या कुत्र्यांचं चालणंच होत नाही, आणि चालण्यानेही आतडं हलतं.

वजन

बरगड्यांवर हात फिरवा. फारसं न दाबता प्रत्येक बरगडी हाताला लागली पाहिजे, डोळ्यांना दिसता कामा नये. दाबून शोधावी लागत असेल तर चरबी आहे. शेपटीखाली चरबी साठली की पिशव्या आत दबतात, नळीचं तोंड घडीत जातं आणि स्राव बाहेर पडेनासा होतो. नसबंदी झालेल्या, दिवसभर सोफ्यावर असणाऱ्या ५ किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ३०० कॅलरी लागतात. खाऊ त्याच्या दहा टक्क्यांत बसवायचा, म्हणजे ३० कॅलरी. एक मारी बिस्किट दिलं की कोटा जवळपास संपला. एक पोळी दिली तर दिवसाच्या जेवणाचा चौथा हिस्सा ते तिसरा हिस्सा गेला. काकडीचे तुकडे किंवा उकडलेली फरसबी द्या, चावायला मिळाल्याचं समाधान तेवढंच.

ॲलर्जी असेल तर भोपळ्याने भागणार नाही

शी २ गुणांची, वजन बरोबर, तरी महिन्याला ग्लँड. अशा वेळी कान उचलून बघा. ग्लँडचा आणि कानाचा त्रास एकत्र चालू असेल तर ॲलर्जीचा संशय पक्का धरा. ॲलर्जीत गुदाभोवतीची कातडी सुजते, त्यात नळीचं तोंडही सुजून बंद होतं.

पिसवांपासून सुरुवात करा, कारण तो सगळ्यात सोपा भाग. पिसवांची ॲलर्जी असलेला कुत्रा शेपटीच्या मुळाशी आणि कमरेवर जास्त खाजवतो. येऊरच्या बाजूला किंवा उपवनच्या कडेच्या गवतात फिरवत असाल तर गोचीड आणि पिसवांसाठी वर्षभर प्रतिबंध लागतो. नेक्सगार्डची गोळी महिन्याला एक, ब्रॅव्हेक्टोची साधारण १२ आठवड्यांना एक, वजनाच्या गटानुसार. कुत्र्याला फिट येत असेल तर या गोळ्यांआधी डॉक्टरांना सांगा. घरातली सगळी जनावरं एकाच वेळी औषधावर हवीत. गाद्या गरम पाण्याने धुवा.

खाण्याची ॲलर्जी रक्ताच्या तपासणीतून खात्रीने कळत नाही. त्यासाठी आठ आठवड्यांची चाचणी लागते. त्या काळात कुत्र्याने आधी कधीच न खाल्लेलं एकच प्रथिन, किंवा डॉक्टरांनी लिहून दिलेलं, प्रथिनांचे बारीक तुकडे केलेलं तयार खाणं द्यायचं. दुसरं काही नाही. चिकनच्या चवीची जंताची गोळी नाही, चीजमध्ये लपवलेलं औषध नाही, पाव बिस्किट नाही. चाचणी फसते ती बहुतेक घरातल्याच कुणाच्या तरी मायेने, तेव्हा आजी-आजोबांना आधी विश्वासात घ्या. आठ आठवड्यांत खाज आणि ग्लँड दोन्ही शांत झाली तर जुनं खाणं मुद्दाम परत देऊन बघायचं. खाज परतली तर निदान पक्कं.

ग्लँड रिकामी करणं: कोणी आणि कशी

त्रास नसलेल्या कुत्र्याच्या ग्लँडला हात लावायचा नाही. बऱ्याच ग्रूमिंग पॅकेजात आंघोळ, नखं, कान आणि ग्लँड असं सगळं एकत्र असतं. तिथे टेबलावर ठेवतानाच ‘ग्लँड दाबू नका’ असं स्पष्ट सांगा. विनाकारण दाबल्याने नळीला इजा होते, सूज येते, आणि जी आपोआप रिकामी होत होती ती अडकायला लागते.

त्रास असेल तर पहिल्या वेळी डॉक्टरच. ते हातमोजा घालून तर्जनी आत आणि अंगठा बाहेर ठेवून पिशवी दोन बोटांत धरतात. त्यामुळे ती पूर्ण रिकामी होते, भिंतीत गाठ आहे का तेही कळतं. बाहेरून दाबण्याने तळाची दाट पेस्ट आतच राहते. तरीही काही कुत्र्यांना हे वारंवार लागतं आणि डॉक्टर घरच्यांना बाहेरून करायला शिकवतात. त्यांनी हात धरून दाखवलं असेल तरच पुढचं करा.

आंघोळीच्या आधी, बाथरूममध्ये, खिडकी उघडी. अंगावर टाकायचे कपडे घाला, कारण धार सरळ उडते आणि तो वास दोन धुण्यांत जात नाही. दोन माणसं लागतात. एकाने छोट्या स्टुलावर रबरी पायपुसणं टाकून कुत्र्याला उभं करायचं, एक हात मानेखालून आणि एक पोटाखालून घेऊन अंगाशी धरायचं. दुसऱ्याने नायट्राइल हातमोजे, बोटांवर थोडं व्हॅसलिन, आणि ओल्या कापसाची तीन-चार थरांची जाड घडी घ्यायची. शेपूट मुळाशी धरून सरळ वर, पाठीकडे न्या. असं केल्याने पिशव्या थोड्या बाहेर येतात. पगची शेपूट आधीच वळलेली असते, ती उलगडायला ओढू नका.

कापूस गुदावर धरून अंगठा आठवर आणि तर्जनी चारवर ठेवा, काठापासून सुमारे एक सेंटिमीटर बाहेर आणि थोडं खाली. भरलेली पिशवी वाटाण्यासारखी लागते. हाताला काहीच लागत नसेल तर काम नाही, थांबा. लागली तर बोटं आधी थोडी आत, कुत्र्याच्या डोक्याच्या दिशेने न्या, म्हणजे पिशवीच्या मागे पोचाल. मग तिथून हळूहळू वर आणि एकमेकांकडे आणा, टूथपेस्टची ट्यूब तळापासून ढकलतो तसं. लिंबू पिळल्यासारखं मधूनच दाबलं तर पिशवी आतल्या बाजूला फुटू शकते. दोन प्रयत्न, फार तर तीन. काही आलं नाही तर आज नाही, डॉक्टरांकडे.

मग कापूस बघा. फिकट पिवळा ते तपकिरी, पातळ किंवा थोडा दाट स्राव नेहमीचा, रंगात फरक असतोच. खाकी जाड पेस्ट निघाली तर अडकली होती. हिरवट-पिवळं, दह्यासारखं किंवा रक्ताची रेघ असेल तर संसर्ग समजून त्याच दिवशी दाखवा. शेवटी कोमट पाण्याने धुवून कोरडं करा. डेटॉल, फिनेल, हळद-तेल काही लावू नका, तो चाटणारच. पहिल्या दिवशी थोडं चाटणं चालतं. दुसऱ्या दिवशीही तेवढंच असेल तर ग्लँड पूर्ण रिकामी झाली नाही किंवा कारण वेगळं आहे.

गळू फुटलं, त्यात पावसाळा

फुटल्यावर कुत्रा एकदम मोकळा वाटतो, जेवतो, शेपूट हलवतो. दाब गेला म्हणून. इथेच घरचे ढिले पडतात. भोकातून पू येत असतो, वर माश्या बसतात, आणि दमट हवेत एका दिवसात अळ्या पडू शकतात. भोकाच्या आत काही वळवळताना दिसलं किंवा वास अचानक सडका झाला तर थेट दवाखाना. टर्पेंटाइन ओतण्याचा जुना उपाय छोट्या कुत्र्यावर करू नका, ते उघड्या मांसाला जाळतं आणि चाटण्यातून पोटातही जातं.

दवाखान्यात पोचेपर्यंत एवढंच: उकळून कोमट केलेल्या अर्ध्या लिटर पाण्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ, जरा कमीच, आणि त्या पाण्याने वरून धुणं. चाटता येऊ नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कोन घालणं. पंखा चालू, जाळीची खिडकी बंद. दाबून पू काढायचा नाही.

डॉक्टर ही जखम सहसा शिवत नाहीत. ती उघडी ठेवून आतून धुतात, प्रतिजैविक आणि वेदनाशामक देतात. सूज आहे पण फुटलेलं नाही अशा वेळी पाच-दहा मिनिटांचा कोमट शेक दिवसातून तीनदा सांगतात. कापड आपल्या मनगटाला सोसेल इतकंच गरम. भोक बाहेरून आठवड्यात बुजलेलं दिसलं तरी औषधांचा कोर्स पूर्ण करा आणि फेरतपासणीला जा. आतली पिशवी भरून यायला जास्त दिवस लागतात.

वारंवार गळू होत असेल तर

पुढची पायरी म्हणजे गुंगी देऊन पिशवी सलाइनने धुणं आणि आत औषध भरणं. पग आणि शिह त्झूसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना भूल देण्याआधी श्वासाचा त्रास, घोरणं, हृदयाची जुनी तक्रार हे सगळं सांगा.

आहार, ॲलर्जी, वजन सगळं मार्गी लावूनही त्रास थांबला नाही तर पिशव्या शस्त्रक्रियेने काढता येतात. पिशव्या नसल्याने कुत्र्याचं काही अडत नाही. पण शी धरून ठेवणारा स्नायू आणि त्याची नस तिथेच शेजारी असतात. त्यांना धक्का लागला तर शीवरचा ताबा काही दिवस किंवा कायमचा जाऊ शकतो. पिशवीच्या अस्तराचा तुकडा मागे राहिला तर नासूर होतो. म्हणून ही शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या सर्जनकडेच करा आणि त्यांना विचारा की वर्षात किती करता. ठाण्यात सोय झाली नाही तर परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला लागून असलेलं, जुने लोक ज्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात ते जनावरांचं हॉस्पिटल आहेच. सुजलेल्या, पू असलेल्या अवस्थेत सहसा शस्त्रक्रिया करत नाहीत, आधी संसर्ग शांत करतात.

आठ वर्षांपुढच्या कुत्र्यात एका बाजूला कडक, न दुखणारी गाठ लागली, शी रिबनसारखी चपटी व्हायला लागली किंवा पाणी पिणं आणि शू अचानक वाढली, तर ती भरलेली ग्लँड समजून दाबत बसू नका. या पिशवीच्या कर्करोगात रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं, आणि तहान त्यामुळेच लागते. रक्ताची तपासणी, गाठीतून सुईने घेतलेला नमुना आणि पोटाची सोनोग्राफी, एवढं त्याच आठवड्यात करून घ्या. वय झालेल्या कुत्र्याच्या दर वर्षीच्या लसीच्या वेळी डॉक्टरांना ‘आतून बोट घालून बघा’ असं आठवणीने सांगा. गाठ छोटी असताना बाहेरून काहीच दिसत नाही.